फ्रेडरिक विन्स्लो टेलर

फ्रेडरिक विन्स्लो टेलर (२० मार्च, १८५६:जर्मनटाउन, फिलाडेल्फिया, अमेरिका - २१ मार्च, १९१५:फिलाडेल्फिया) हे अमेरिकन यांत्रिकी अभियंता, संशोधक आणि औद्योगिक व्यवस्थापनशास्त्राचे आद्य अभ्यासक होते. कारखान्यातील कामाचे लहान लहान घटक पाडून प्रत्येक घटकाला लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. ही पद्धत कालाभ्यास म्हणून ओळखली जाते. एक नग पूर्ण झाल्यापासून पुढचा नग पूर्ण होईपर्यंत लागणाऱ्या वेळेला कारखान्यांत सायकल टाइम, म्हणजेच आवर्तनकाळ, म्हणतात. आज यंत्रमानवांनी चालणाऱ्या उत्पादनसाखळीवर हा आवर्तनकाळ ज्या रीतीने मोजला जातो तिचे मूळ टेलर यांच्या कामात आहे.

टेलर यांच्या कार्याने कारखानदारीला नवे शास्त्र दिले, त्याचबरोबर एक वादही दिला. एखाद्या कामाला किती वेळ लागतो हा प्रश्न केवळ मोजमापाचा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. कोणता वेळ मोजायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते, असे त्यांच्या विरोधकांचे म्हणणे होते. त्यांच्या आयुष्याची अखेरची काही वर्षे याच वादात गेली.

बालपण आणि शिक्षण

टेलर यांचा जन्म एका सधन क्वेकर कुटुंबात झाला. वडील फ्रँकलिन टेलर यांनी प्रिन्स्टन येथे शिक्षण घेतले होते व ते वकील होते. आई एमिली विन्स्लो या गुलामगिरीविरोधी चळवळीत सक्रिय होत्या. मुलांच्या आरंभीच्या शिक्षणाकडे आईने स्वतः लक्ष दिले. पुढे हे कुटुंब काही वर्षे युरोपात राहिले आणि त्या काळात टेलर यांनी फ्रान्स व जर्मनीत शिक्षण घेतले.

१८७२ मध्ये त्यांनी न्यू हॅम्पशायर राज्यातील फिलिप्स एक्झिटर अकॅडमी या शाळेत प्रवेश घेतला. तेथील गणिताचे शिक्षक जॉर्ज वेंटवर्थ हे वर्गाला उदाहरणे घालून ती सोडवायला विद्यार्थ्यांना किती वेळ लागतो हे घड्याळात पाहत आणि त्यावरून गृहपाठाचे प्रमाण ठरवत. काम मोजून नेमून देण्याची कल्पना आपल्याला या वर्गातून मिळाली, असे टेलर पुढे सांगत असत.

१८७४ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. मुलाने आपल्यासारखे वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु अतिअभ्यासाने दृष्टी अधू झाल्याचे कारण होऊन हार्वर्डला जाण्याचा बेत रद्द झाला. त्याऐवजी टेलर यांनी फिलाडेल्फियातील पंप तयार करणाऱ्या एंटरप्राइज हायड्रॉलिक वर्क्स या कारखान्यात उमेदवारी पत्करली. तेथे ते ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने घडवणे आणि यंत्रकाम शिकले. सुखवस्तू घरातील तरुणाने चार वर्षे कामगारांच्या खांद्याला खांदा लावून काम करणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. कामगार कसे काम करतात आणि कसे टाळतात याची त्यांना जी जाण होती, ती या काळातील आहे.

मिडव्हेल येथील वर्षे

१८७८ मध्ये टेलर फिलाडेल्फियातील मिडव्हेल स्टील या कारखान्यात साधे मजूर म्हणून दाखल झाले. वेळेच्या नोंदी ठेवणारे कारकून, लेथवरील कारागीर, टोळीप्रमुख, यंत्रशाळेचे फोरमन अशा पायऱ्या चढत ते मुख्य अभियंता झाले. नोकरी सांभाळून त्यांनी घरीच अभ्यास केला आणि १८८३ मध्ये न्यू जर्सीतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेची यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी मिळवली. ३ मे, १८८४ रोजी त्यांचा विवाह लुईस स्पूनर यांच्याशी झाला. या दांपत्याने पुढे तीन अनाथ मुलांना दत्तक घेतले.

लेथवरील कारागिरांचे टोळीप्रमुख झाल्यावर टेलर यांचा त्यांच्याशी सुमारे तीन वर्षे कडवा संघर्ष झाला. मजुरी नगावर दिली जात असे. परंतु एखाद्याने जास्त नग काढून अधिक पैसे मिळवले की मालक दर नगाची मजुरी कमी करी. हा अनुभव असल्याने कामगार आपसांत ठरवून हात राखून काम करत. हे वर्तन आळसातून येत नसून व्यवहारातून येते, हे स्वतः कामगार राहिलेल्या टेलर यांनी ओळखले. मालक आणि कामगार या दोघांनाही त्या कामास वस्तुतः किती वेळ पुरतो हे ठाऊक नाही. मालक अंदाजाने मागतो आणि कामगार अंदाजाने नाकारतो, असे त्यांचे निदान होते. अंदाजाच्या जागी मोजमाप आणले तर भांडणाचे कारणच उरणार नाही, या विश्वासावर त्यांचे पुढचे सर्व कार्य उभे आहे.

कालाभ्यासाची पद्धत

१८८१ च्या सुमारास टेलर यांनी मिडव्हेलच्या यंत्रशाळेत कालाभ्यासास आरंभ केला. कामाच्या वेळेच्या नोंदी त्यापूर्वीही ठेवल्या जात. परंतु त्या संपूर्ण कामाच्या असत. एका कामगाराने दिवसभरात किती नग काढले एवढेच त्यातून कळे. त्या दिवसात प्रत्यक्ष काम किती, हत्यार शोधण्यात गेलेला वेळ किती, माल येण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ किती, हे कळत नसे.

टेलर यांनी कामाचे घटक पाडले. लेथवरील कामाचे उदाहरण घेतल्यास नग उचलणे, तो यंत्रात बसवणे, घट्ट आवळणे, हत्यार जागेवर आणणे, कातणे, यंत्र थांबवणे आणि नग काढून ठेवणे हे वेगवेगळे घटक होत. प्रत्येक घटकाचा वेळ पुनःपुन्हा मोजायचा, अनावश्यक हालचाली वगळायच्या, उरलेल्या घटकांच्या वेळांची बेरीज करायची आणि त्यात अपरिहार्य खोळंबा व विश्रांती यांसाठी काही टक्के वाढ द्यायची, अशी ही रीत होती. यासाठी मिनिटाचे शंभर भाग दाखवणारी स्टॉपवॉच वापरली जात, कारण सेकंदांपेक्षा दशांश पद्धतीत बेरीज-वजाबाकी सोपी पडते.

या पद्धतीचा मोठा लाभ असा की, एकदा घटकांचे वेळ हाती आले की पूर्वी कधीही न केलेल्या कामाचा वेळही आधीच सांगता येतो. टेलर यांचे सहकारी सॅनफर्ड थॉम्पसन यांनी इमारत बांधकामातील अनेक कामांचे असे घटकवेळ गोळा केले.

मात्र या पद्धतीत आरंभापासून दोन दुबळ्या जागा होत्या. घटकांचे वेळ मोजता येत, पण अपरिहार्य खोळंब्यासाठी किती टक्के वाढ द्यावी हे मोजणाऱ्याच्या तारतम्यावर अवलंबून असे. मोजमापासाठी निवडलेला कामगार उत्कृष्ट प्रतीचा असावा असाही टेलर यांचा आग्रह होता; तेव्हा उत्कृष्ट कोणाला म्हणावे हेही माणसालाच ठरवावे लागे. शिवाय टेलर यांच्या पुस्तकात आतून पोकळ केलेल्या एका वहीचे वर्णन आहे. तिच्यात घड्याळे लपवून कामगाराच्या नकळत त्याचा वेळ टिपता येई. मोजमापाने विश्वास निर्माण व्हावा असे म्हणणाऱ्या पद्धतीतील ही विसंगती टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही.

धातुकर्तनाचे प्रयोग

माणसाच्या हालचालींइतकेच यंत्राच्या वेगाकडेही टेलर यांचे लक्ष होते. १८८० मध्ये मिडव्हेलचे अध्यक्ष विल्यम सेलर्स यांच्या अनुमतीने त्यांनी धातू कातण्याचे प्रयोग सुरू केले. लेथ किती वेगाने फिरवावा आणि हत्यार किती खोल लावावे हे तोवर कारागीर अनुभवाने ठरवत. काही महिन्यांत संपतील असे वाटलेले हे प्रयोग निरनिराळ्या कारखान्यांत मिळून २६ वर्षे चालले. त्यांत आठ लाख पौंडांहून अधिक पोलाद व लोखंड कातले गेले आणि तीस ते पन्नास हजार प्रयोगांच्या नोंदी झाल्या. कातण्याच्या वेगावर बारा स्वतंत्र घटकांचा परिणाम होतो असे त्यांतून दिसून आले. इतके घटक एकाच वेळी हिशेबात घेणे कारागिराला शक्य नव्हते. टेलर यांचे सहकारी, गणिती कार्ल बार्थ यांनी त्यासाठी खास सरकपट्टी तयार केली. तिच्या साहाय्याने योग्य वेग अल्पावधीत काढता येऊ लागला.

या प्रयोगांचा सर्वांत गाजलेला परिणाम बेथलेहेम स्टील या कारखान्यात हाती आला. १८९८ मध्ये टेलर तेथे सल्लागार म्हणून गेले. मॉन्सेल व्हाइट यांच्यासह त्यांनी हत्यारी पोलादावर अतिउच्च तापमानात प्रक्रिया करण्याची रीत शोधली. या पोलादाची हत्यारे लालबुंद होईपर्यंत तापली तरी त्यांची धार टिकून राही. त्यामुळे धातू कातण्याचा वेग अनेक पटींनी वाढला. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात या शोधाला सुवर्णपदक मिळाले आणि फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने एलियट क्रेसन पदक देऊन त्याचा गौरव केला. १९०६ मध्ये टेलर यांनी या सर्व प्रयोगांवरील प्रदीर्घ निबंध अमेरिकन यांत्रिकी अभियंता संस्थेपुढे सादर केला. त्या वेळी ते या संस्थेचे अध्यक्ष होते.

बेथलेहेम येथील प्रयोग

मिडव्हेल सोडल्यानंतर १८९० ते १८९३ या काळात टेलर यांनी कागद गिरण्या चालवणाऱ्या एका कंपनीचे सरव्यवस्थापक म्हणून काम केले आणि नंतर स्वतंत्र सल्लागाराचा व्यवसाय पत्करला. १८९५ मध्ये त्यांनी नगावर मजुरी देण्याच्या नव्या योजनेवर निबंध वाचला. नेमलेल्या वेळेत काम पूर्ण करणाऱ्याला प्रत्येक नगामागे चढा दर आणि न करणाऱ्याला उतरता दर, असे या योजनेचे स्वरूप होते.

बेथलेहेम येथे त्यांनी मजुरीच्या कामांचाही अभ्यास केला. कोळशापासून जड खनिजापर्यंत सर्व माल कामगार एकाच फावड्याने उचलत. फावड्यावर सुमारे २१ पौंड वजन असताना दिवसभरात सर्वाधिक काम होते, असे टेलर यांना आढळले. मग हलक्या मालासाठी मोठी आणि जड मालासाठी लहान फावडी कारखान्यातर्फे देण्यात आली. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार, पूर्वी ४०० ते ६०० मजूर करत असलेले काम सुमारे १४० मजूर करू लागले आणि त्यांची मजुरी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. उरलेल्या मजुरांचे काय झाले, हा प्रश्न तेव्हापासून या पद्धतीच्या मागे लागला आहे.

दुसरे प्रसिद्ध उदाहरण लोखंडाच्या लाद्या उचलण्याचे आहे. प्रत्येक लादी सुमारे ९२ पौंडांची, म्हणजे जवळजवळ ४२ किलोग्रॅमची होती. एक मजूर दिवसाला सरासरी साडेबारा टन माल रेल्वेच्या वाघिणीत भरत असे. टेलर यांच्या वृत्तांतानुसार, केव्हा उचलायचे आणि केव्हा थांबायचे हे नेमून दिल्यावर एका मजुराने दिवसाला साडेसत्तेचाळीस टन माल भरला आणि त्याची रोजची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. इतके वजन उचलणारा माणूस दिवसाच्या ४३ टक्के वेळच ओझ्याखाली असावा, उरलेला वेळ त्याला मोकळा मिळावा, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. विश्रांती ही कामाचाच भाग म्हणून मोजली जाण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

या वृत्तांतातील त्रुटीही नोंदवणे आवश्यक आहे. काम जवळजवळ चौपट झाले असता मजुरी सुमारे ६० टक्क्यांनीच वाढली. त्या मजुराचे वर्णन टेलर यांनी बुद्धीने मंद अशा शब्दांत केले, ते आज वाचवत नाही. १९७४ मध्ये चार्ल्स रेगे आणि अमेदेओ पेरोनी या अभ्यासकांनी मूळ कागदपत्रे तपासून ही कथा अनेक ठिकाणी प्रत्यक्ष घटनांशी जुळत नाही असे दाखवले.

कारखान्याच्या व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याने १९०१ मध्ये टेलर यांना बेथलेहेम सोडावे लागले. त्यानंतर फिलाडेल्फियाजवळील आपल्या 'बॉक्सली' या घरी राहून त्यांनी लेखन व मार्गदर्शनाला वाहून घेतले. या काळात ते सल्ल्यासाठी मोबदला घेत नसत.

ग्रंथ आणि कीर्ती

१९०३ मध्ये टेलर यांचा 'शॉप मॅनेजमेंट' हा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात कालाभ्यासाबरोबरच एका फोरमनच्या जागी आठ तज्ज्ञ पर्यवेक्षक नेमण्याची कल्पना मांडलेली आहे. त्यांपैकी चौघांनी नियोजन कक्षात आणि चौघांनी यंत्रशाळेत काम करावे, अशी ही विभागणी होती. कामाचा विचार एकाने करायचा आणि काम दुसऱ्याने, ही फारकत येथून दृढ झाली.

१९१० मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागातील रेल्वे कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर वाढवण्याची मागणी केली. तिला विरोध करताना वकील लुई ब्रँडाइस यांनी, या पद्धतीचा अवलंब केल्यास दरवाढीची गरजच राहणार नाही असे प्रतिपादन केले. या प्रकरणात शास्त्रीय व्यवस्थापन हे नाव रूढ झाले आणि टेलर देशभर प्रसिद्धीस आले. १९११ मध्ये त्यांचा 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' हा ग्रंथ प्रकाशित झाला. अल्पावधीत त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

वॉटरटाउनचा संप

मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉटरटाउन येथे अमेरिकन लष्कराचे शस्त्रागार होते. १९०९ पासून तेथे टेलर यांची पद्धत आणण्याचे काम कार्ल बार्थ यांच्याकडे होते. ऑगस्ट १९११ मध्ये ओतशाळेतील साचे करणाऱ्या कामगारांचा वेळ स्टॉपवॉचने मोजण्यास सुरुवात झाली. सामान वाहणाऱ्या जनावरांच्या खोगिराच्या एका भागाचा साचा करण्याच्या कामाला मोजणाऱ्याने २४ मिनिटे ठरवली. त्याच वेळी कामगारांच्या बाजूने साध्या घड्याळावर तेच काम मोजले गेले. तेव्हा ५० मिनिटे लागल्याचे दिसले.

या दोन आकड्यांतील अंतर घड्याळांच्या चुकीमुळे पडलेले नव्हते. मोजणाऱ्याने अनावश्यक वाटलेला वेळ वगळून काम किती वेळात व्हावे हे लिहिले होते आणि कामगारांनी ते किती वेळात झाले हे लिहिले होते. मोजणाऱ्याला ओतकामाची माहिती नाही, तेव्हा काय अनावश्यक हे तो कसे ठरवणार, असा कामगारांचा आक्षेप होता. एका कामगाराने आपला वेळ मोजू देण्यास नकार दिला. त्याला कामावरून काढताच त्याचे सहकारी बाहेर पडले. हा संप सुमारे आठवडाभर चालला.

संप लहान असला तरी त्याचे पडसाद मोठे उमटले. अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने या पद्धतीच्या चौकशीसाठी विशेष समिती नेमली. जानेवारी १९१२ मध्ये टेलर यांची या समितीपुढे अनेक दिवस साक्ष झाली. आपली पद्धत म्हणजे घड्याळ किंवा मजुरीची एखादी योजना नव्हे, मालक आणि कामगार या दोघांच्याही मनोवृत्तीत घडून येणारे परिवर्तन हाच तिचा गाभा आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. समितीने तातडीने कायदा करण्याची शिफारस केली नाही. तथापि कामगार संघटनांच्या रेट्यामुळे १९१५ मध्ये लष्करी खर्चाच्या मंजुरीला अट जोडण्यात आली. या निधीतून चालणाऱ्या सरकारी कारखान्यांत कामगारांचे काम स्टॉपवॉचने मोजण्यास तिने मनाई केली. ही मनाई १९४९ पर्यंत टिकली.

क्रीडा

टेलर उत्तम खेळाडू होते. १८८१ मध्ये झालेल्या पहिल्या अमेरिकन राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत क्लॅरन्स क्लार्क यांच्यासह त्यांनी दुहेरीचे विजेतेपद मिळवले. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये गोल्फमध्ये ते चौथे आले. खेळातही रॅकेट व गोल्फच्या काठ्या यांच्या रचनेत सुधारणा करण्याचा छंद त्यांना होता.

मृत्यू

मार्च १९१५ मध्ये ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे त्यांनी अखेरचे व्याख्यान दिले. या दौऱ्यानंतर त्यांना न्यूमोनिया झाला आणि एकोणसाठाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, २१ मार्च, १९१५ रोजी, फिलाडेल्फियातील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. पेनसिल्व्हेनियातील बाला किनविड येथील वेस्ट लॉरेल हिल दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

प्रभाव

टेलर यांच्या सहकाऱ्यांपैकी हेन्री गँट यांनी कामाच्या नियोजनाचे तक्ते विकसित केले. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने घड्याळाऐवजी हालचालींवर लक्ष केंद्रित करून त्यांचे चलच्चित्रण केले. फ्रान्समध्ये १९१३ साली रेनॉ मोटार कारखान्यात वेळमोजणीविरुद्ध संप झाला. रशियात क्रांतीनंतर लेनिन यांनी या पद्धतीच्या अभ्यासाचा पुरस्कार केला.

याच विचारप्रवाहातील कार्यक्षमतेच्या योजना मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२० च्या दशकात आल्या. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्ती हे १९२८ मधील सुमारे सहा महिने चाललेल्या गिरणी कामगारांच्या सार्वत्रिक संपाच्या प्रमुख कारणांपैकी एक होते. पुढे १९६३ मध्ये औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणासाठी भारत सरकारने मुंबईत 'निटी' ही राष्ट्रीय संस्था स्थापन केली. २०२३ पासून ती भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई या नावाने ओळखली जाते.

यंत्रमानवांच्या उत्पादनसाखळीवरील कालमापन

१९६१ मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक यंत्रमानव कामास लागला. आता उत्पादनसाखळीवर वेळ मोजण्यासाठी माणसाने घड्याळ घेऊन उभे राहण्याची गरज उरलेली नाही. प्रत्येक स्थानकावरील संवेदक नग आल्याची, पकड बंद झाल्याची, यंत्रमानवाचा हात मूळ जागी परतल्याची खबर नियंत्रकाला देतात आणि नियंत्रक त्या क्षणाची वेळ टिपतो. एका नगाच्या वेळी पकड बंद झाली तो क्षण आणि पुढच्या नगाच्या वेळी तीच पकड बंद झाली तो क्षण, यांतील अंतर म्हणजे त्या स्थानकाचा आवर्तनकाळ. आरंभ आणि शेवट यांसाठी एकच घटना निवडणे हा या मोजमापाचा पहिला नियम आहे.

दुसरा नियम टेलर यांच्या घटकविभागणीतून आलेला आहे. स्थानकाच्या प्रत्यक्ष कामाचा वेळ आणि त्याच्या खोळंब्याचा वेळ वेगळा काढावा लागतो. उदाहरणार्थ, एका साखळीतील तीन स्थानकांना प्रत्यक्ष कामासाठी अनुक्रमे ४२, ५५ आणि ४८ सेकंद लागत असतील, तर साखळीतून दर ५५ सेकंदांनी एक नग बाहेर पडेल. पहिले आणि तिसरे स्थानक उरलेला वेळ थांबून राहतील. केवळ नग ते नग अंतर मोजणाऱ्याला तिन्ही स्थानकांवर ५५ हाच आकडा दिसेल आणि अडचण नेमकी कोठे आहे हे कळणार नाही. पहिल्या स्थानकाचा यंत्रमानव अधिक वेगाने चालवून ४२ चे ३८ सेकंद केले, तरी उत्पादनात एका नगाचीही भर पडणार नाही.

हा आकडा मागणीशी ताडून पाहावा लागतो. साडेसात तासांच्या पाळीत २७,००० सेकंद असतात. त्या वेळात ४५० नग हवे असतील, तर दर नगामागे ६० सेकंद उपलब्ध आहेत. ५५ सेकंदांच्या साखळीला हे सहज जमावे. हिशेबाने ४९० नग निघायला हवेत. प्रत्यक्षात ४४१ निघाले, तर दर नगामागे सरासरी सुमारे ६१ सेकंद खर्ची पडले असा अर्थ होतो. उरलेले सेकंद बिघाड, हत्यारबदल, मालाची प्रतीक्षा आणि लहानसहान थांबे यांत गेलेले असतात. यंत्रणा अखंड चालताना मिळालेला ५५ हा आकडा खरा आहे आणि पाळीअखेर मिळालेला ६१ हाही खरा आहे. पहिला साखळीची क्षमता सांगतो, दुसरा तिचा दिवस सांगतो.

वॉटरटाउनच्या २४ आणि ५० मिनिटांमधला भेद येथेही दिसतो. यंत्रमानव घड्याळाला हरकत घेत नाही आणि हातही राखत नाही. परंतु साखळीच्या तोंडाशी माल लावणारा, बिघाड काढणारा आणि पाळीचे उद्दिष्ट पूर्ण करण्यास जबाबदार धरला जाणारा माणूस तेथे असतोच. उद्दिष्ट पहिल्या आकड्यावर बेतले, तर यंत्राच्या खोळंब्याचा दोष त्याच्या माथी येतो.

मूल्यमापन

व्यवस्थापनाच्या इतिहासात टेलर यांना अग्रस्थान दिले जाते. अंदाजाच्या जागी नोंद, सवयीच्या जागी प्रयोग आणि एकूण वेळेच्या जागी घटकांचा वेळ ही त्यांची देणगी आज त्यांच्या विरोधकांच्या वारसदारांनीही स्वीकारलेली आहे. विश्रांतीचा वेळ मागण्यासाठी कामगार संघटना त्याच पद्धतीच्या नोंदी पुढे करतात.

त्यांच्या विचाराची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मोजलेला आकडा स्वतःच न्याय करील असे त्यांनी मानले. प्रत्यक्षात काय मोजावे, काय वगळावे आणि किती सवलत द्यावी हे निर्णय आकड्याच्या आधी घेतले जातात आणि ते घेताना ज्याचे काम मोजले जाते त्याचा शब्द विचारात घ्यावा लागतो. वॉटरटाउनच्या ओतशाळेत तो विचारला गेला नव्हता.